गवत कधी कापायचं, हे मुलांना कोण विचारतं?

रस्त्याकडेचं गवत कधी कापायचं, हे कोण ठरवतं? आयर्लंडमध्ये ते ठरवतो स्थानिक कौन्सिलचा एखादा अधिकारी. त्याच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं एक वेळापत्रक असतं आणि त्यानुसार दिलेलं कंत्राट असतं. वसंत सुरू झाला की यंत्र फिरतं आणि पिवळीधमक डँडेलियनची फुलं कापली जातात. नेमक्या त्याच दिवसांत, अख्खा हिवाळा जमिनीखाली झोपून काढलेली बंबल बीची राणी उपाशीपोटी पहिली फुलं शोधत असते. (बंबल बी म्हणजे मधमाशीच्या कुळातली, थंड प्रदेशातली ती गुबगुबीत, केसाळ माशी.) तिच्या वाईटावर कुणीच नसतं. वेळापत्रक तसं असतं, एवढंच.

धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संसद येते. पण परागीभवन करणाऱ्या कीटकांचं जगणं-मरणं ज्या निर्णयांवर अवलंबून असतं, त्यातले बरेचसे असेच कुणाच्या खिजगणतीत नसलेले असतात. गवत कधी कापायचं, कुंपणाची झुडपं कधी छाटायची, कोणतं कीटकनाशक फुलोऱ्यात चालेल आणि कोणतं नाही, शेतकऱ्याला अनुदान नेमकं कशासाठी द्यायचं. हे निर्णय घेतात पन्नाशीतली माणसं, आणि त्यांचे परिणाम सर्वाधिक काळ सोसणार आज शाळेत असलेली मुलं. आज दहा वर्षांची असलेली मुलगी आणखी साठ-सत्तर वर्षं सफरचंद, भोपळा, मोहरी खाणार आहे. पण मतदार यादीत तिचं नाव यायला अजून आठ वर्षं आहेत.

या पोरांना निर्णयात कसं घ्यायचं? खरोखर घ्यायचं, फोटोपुरतं नव्हे. या प्रश्नावर आयर्लंडने जे करून पाहिलं, ते मला समजून घेण्यासारखं वाटतं. तिथे सगळं सुरळीत पार पडलं असं अजिबात नाही. पण कुठे जमलं आणि कुठे घोडं अडलं, ते तिथे स्वच्छ दिसतं.

आधी कीटकांचं थोडं

जगात मधमाशीच्या कुळातल्या २० हजारांहून जास्त जाती आहेत. आपण जिचा मध खातो ती त्यातली मूठभरांपैकी एक. बाकीच्या बहुतेक जाती पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत. एकेकट्या राहतात, जमिनीत किंवा वाळक्या काडीत बीळ करून अंडी घालतात. शिवाय फुलपाखरं, पतंग, भुंगे आणि फुलांवर हवेत एका जागी तरंगणाऱ्या हॉवरफ्लाय नावाच्या माश्या आहेतच. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंचाने, आयपीबीईएसने, २०१६ साली या विषयाचा मोठा आढावा घेतला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं थोड्याफार प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असं त्यात म्हटलं होतं.

यातला ‘थोड्याफार’ हा शब्द लोक विसरतात आणि ‘माश्या संपल्या की माणूस संपला’ अशी पोस्टरं रंगवतात. गहू, भात, मका यांचं परागीभवन वाऱ्याने किंवा आपलं आपण होतं. उत्पादनाच्या वजनात मोजलं, तर कीटकांशी संबंध असलेल्या पिकांचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. माश्या गेल्या तर भाकरी राहील. फळं, तेलबिया, भाज्या, मसाले आणि त्यांच्यासोबत येणारी जीवनसत्त्वं मात्र कमी आणि महाग होतील. हे पुरेसं गंभीर आहे, त्यात आणखी तिखटमीठ घालायची गरज नाही.

आयर्लंडमध्ये मधमाशीकुळातल्या साधारण १०० जाती आहेत. मध देणारी एकच, वीसेक बंबल बी, बाकी सगळ्या एकेकट्या राहणाऱ्या. त्यातल्या तृतीयांश जाती नाहीशा होण्याच्या धोक्यात आहेत. कारण ऐकायला साधं आहे. तिथला शेतकरी पूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी गवत कापून वाळवायचा, तोवर त्यात रानफुलं येऊन जायची. आता हिरवंच गवत कापून मुरघास करतात, तेही वर्षातून दोन-तीनदा. फुलायला गवताला सवडच मिळत नाही. हिरवागार देश म्हणून आयर्लंडची जी चित्रं आपण पाहतो, ती माशीच्या नजरेने पाहिली तर बऱ्याच ठिकाणी ओसाड आहेत.

योजना, आणि तिच्यातली शाळा

२०१५ साली तिथे ‘ऑल-आयर्लंड पॉलिनेटर प्लॅन’ आला. वॉटरफर्डच्या राष्ट्रीय जैवविविधता माहिती केंद्रातल्या डॉ. उना फिट्झपॅट्रिक आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या प्रा. जेन स्टाउट या दोन शास्त्रज्ञांनी त्याची सुरुवात केली. ६८ संस्थांनी ८१ कामं वाटून घेतली. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड अशा दोन्ही भागांना मिळून ही एकच योजना आहे. त्या बेटाचा राजकीय इतिहास ठाऊक असलेल्यांना यातलं अप्रूप कळेल.

ही योजना कायदा नाही. कुणावर सक्ती नाही, दंड नाही. प्रत्येकासाठी वेगळी पुस्तिका आहे: शेतकऱ्यासाठी वेगळी, कौन्सिलसाठी वेगळी, गोल्फ क्लबसाठी वेगळी, शाळेसाठी वेगळी. लहान मुलांसाठी योजनेची छोटी आवृत्तीही काढली आहे. सल्ला मात्र सगळीकडे सारखाच आणि जरा अनपेक्षित आहे. रानफुलांच्या बियांची पाकिटं विकत आणून टाकू नका, गवत कमी वेळा कापा, जमिनीतली फुलं आपोआप वर येतील. मधपेट्या ठेवल्या म्हणजे निसर्ग वाचवला असं समजू नका, कारण एका ठिकाणी पेट्या जास्त झाल्या तर पाळीव माश्या रानमाश्यांचं अन्न पळवतात.

माझ्या मते मुलांसाठी हाच पहिला खरा धडा आहे. धोरणात हौस आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शाळेत ‘माशी वाचवा’ दिवस साजरा करताना बियांची पाकिटं वाटणं सगळ्यांना आवडतं. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा सहा आठवडे न कापता ठेवायचा म्हटलं, की मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत तक्रारी येतात: गबाळं दिसतं, चेंडू हरवतो. आणि फरक पडतो तो या दुसऱ्याच कामाने.

दुसरं काम मोजणीचं. ५० सेंटिमीटर लांब-रुंद अशी फुलांची एक जागा निवडायची, दहा मिनिटं शांत बसायचं आणि त्या चौकोनात किती कीटक येतात ते टिपायचं. जातीचं नाव सांगावं लागत नाही. बंबल बी, मधाची माशी, हॉवरफ्लाय, फुलपाखरू अशा ढोबळ गटांत नोंद केली तरी चालते. एप्रिल ते सप्टेंबर, हवा बऱ्यापैकी उबदार आणि कोरडी असेल तेव्हा कुणीही करू शकतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हजारो लोकांनी केलेल्या अशा नोंदी शास्त्रज्ञ वापरतात.

मोजणीचा धोरणाशी काय संबंध? खूप. कौन्सिलच्या बैठकीत ‘आम्हाला माश्या आवडतात’ असं म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला खाली बसवलं जातं. ‘कापलेल्या पट्ट्यात दहा मिनिटांत दोन कीटक आले, न कापलेल्यात एकोणीस’ असं कागद दाखवून म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. (हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत.) जर्मनीत २०१७ साली जी बातमी जगभर गाजली, ती अशाच नोंदींमधून आलेली होती. संरक्षित क्षेत्रांतल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून जास्त घटलं, हे दाखवणारी मूळ सामग्री क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकप्रेमींच्या मंडळाने वर्षानुवर्षं सापळे लावून गोळा केलेली होती.

पस्तीस मुलांची सभा

मे २०१९ मध्ये आयर्लंडच्या संसदेने जैवविविधतेची आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर तिथे ‘नागरिक सभा’ भरवली गेली. हा प्रकार आपल्याला नवा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने सामान्य माणसं निवडायची, वय, प्रांत, स्त्री-पुरुष असं प्रमाण सांभाळायचं, त्यांना काही महिने तज्ज्ञांना ऐकू द्यायचं, एकमेकांशी वाद घालू द्यायचे आणि शेवटी मतदान घेऊन सरकारकडे शिफारशी पाठवायच्या. समलिंगी विवाह आणि गर्भपातासारखे अवघड प्रश्न आयर्लंडने सार्वमताला टाकण्याआधी याच वाटेने नेले होते. जैवविविधतेवरच्या सभेत ९९ नागरिक होते आणि अध्यक्ष होत्या डॉ. ईव्हिन नी हूलवान. गणिताच्या प्राध्यापक, आणि त्याआधी २००५ सालच्या ‘रोझ ऑफ ट्रॅली’ या तिथल्या प्रसिद्ध स्पर्धेच्या विजेत्या. सभेने १५९ शिफारशी केल्या.

या सभेत अठराच्या आतलं कुणी नव्हतं. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलांची वेगळी सभा भरली. देशभरातून निवडलेली ३५ मुलं, वयं ७ ते १७. दोन शनिवार-रविवार ती एकत्र आली, रानात हिंडली, शास्त्रज्ञांशी बोलली आणि त्यांनी ५८ मागण्यांचा मसुदा केला. सभा कशी चालवायची हे ठरवणाऱ्यांतही मुलं होती. ही बाब महत्त्वाची आहे, कारण एरवी कार्यक्रमपत्रिका मोठ्यांनी आखायची आणि मुलांनी त्यात रंग भरायचे अशीच रीत असते. मुलांचं म्हणणं मोठ्यांच्या सभेपुढे गेलं आणि पुढे संसदेच्या पर्यावरणविषयक समितीनेही ते ऐकलं.

सात वर्षांच्या मुलाला धोरणातलं काय कळतं, असा प्रश्न कुणीही विचारेल. मलाही तो रास्त वाटतो. पण चिठ्ठीने निवडलेल्या ९९ प्रौढांनाही सुरुवातीला जैवविविधतेतलं फारसं कळत नव्हतं. माणूस तयार होऊन सभेला येत नाही, सभेत तयार होतो, हे सगळ्या पद्धतीमागचं गृहीतक आहे. मग मुलांसाठी वेगळी पट्टी लावायचं कारण नाही. फक्त समजावणारा चांगला हवा आणि वेळ पुरेसा हवा. दोन शनिवार-रविवार हा वेळ मला कमी वाटतो. मोठ्यांच्या सभेला काही महिने मिळाले होते.

चार प्रश्न

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या प्रा. लॉरा लंडी यांनी २००७ साली एक चौकट मांडली. आयर्लंडच्या सरकारने ती आपल्या बालसहभाग धोरणात घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत १२ वं कलम आहे: मुलांशी संबंधित बाबींत मुलांना मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज पाहून वजन मिळण्याचा हक्क आहे. भारतानेही १९९२ साली ही संहिता मान्य केली आहे. लंडी यांचं म्हणणं असं, की सरकारं पहिला अर्धा भाग करतात आणि दुसरा गिळून टाकतात. मुलांना बोलू देतात, टाळ्या वाजवतात, विषय संपतो.

म्हणून त्या चार गोष्टी पाहायला सांगतात. मुलांना बिनधास्त बोलता येईल अशी जागा आहे का? मत तयार व्हायला आणि मांडायला मदत मिळते का? ते ऐकणारा माणूस कोण आहे? आणि ऐकून पुढे काय होतं?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक उपक्रम नापास होतात. मुलं परागवाहकांवर सुंदर सादरीकरण करतात, आणि समोर बसलेले असतात त्यांचेच शिक्षक, पालक आणि एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. त्यांच्यापैकी कुणाच्याही सहीने गवत कापण्याचं कंत्राट बदलत नाही. निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस खोलीत नसेल, तर ते सादरीकरण म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. आयर्लंडच्या सभेचं मोल इथे आहे: संसदीय समिती ही ऐकून उत्तर देणं अपेक्षित असलेली जागा आहे.

चौथ्या प्रश्नावर मात्र आयर्लंडलाही पैकीच्या पैकी गुण देता येणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तिथली नवी राष्ट्रीय जैवविविधता योजना आली, २०३० पर्यंतची. त्याआधी २०२३ च्या कायदादुरुस्तीने सरकारी संस्थांवर ही योजना लक्षात घेण्याचं बंधनही आलं. पण ५८ पैकी कोणती मागणी मान्य झाली, कोणती नाही आणि का नाही, असा मुलांना वाचता येईल असा एकेका मागणीचा हिशेब द्यायला हवा होता. नकार चालतो, मुलं तो पचवतात. उत्तरच आलं नाही तर पुढच्या वेळी ती येत नाहीत. आणि कीटकांचं म्हणाल, तर २०१२ पासूनच्या मोजणीत तिथल्या बंबल बींचा कल घटीचाच दिसतो. चांगली सभा भरली म्हणून फुलं वाढत नाहीत.

सह्यांची वाट

दुसरी वाट बव्हेरियाची. जर्मनीच्या या राज्यात नागरिकांना पुरेशा सह्या गोळा करून थेट कायदा मांडता येतो. ‘माश्या वाचवा’ या घोषणेखाली ३१ जानेवारी ते १३ फेब्रुवारी २०१९ या दोन आठवड्यांत लोकांनी स्वतः नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन, ओळखपत्र दाखवून सह्या करायच्या होत्या. लागणार होत्या सुमारे १० लाख, झाल्या १७ लाखांवर. थंडीत रांगा लागल्या, माशीचे पोशाख घालून लोक फिरले. शेतकरी संघटना भडकल्या, कारण जबाबदारी सगळी आमच्याच माथी येणार असं त्यांना वाटलं, आणि ते पूर्ण चूक नव्हतं. सरकारने अलोइस ग्ल्यूक या ज्येष्ठ राजकारण्याच्या अध्यक्षतेखाली सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं आणि जुलैमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ओढ्या-नद्यांच्या काठी पाच मीटर पट्टा नांगरायचा नाही, २०३० पर्यंत ३० टक्के शेती सेंद्रिय करायची, अशी त्यात ठोस कलमं आहेत.

सहीसाठी वयाची अट होती १८. शाळकरी मुलांना रांगेत उभं राहता आलं, सही करता आली नाही. युरोपीय संघाच्या पातळीवर १० लाख सह्यांचा जो मार्ग आहे, तिथे २०२० पासून सदस्य देशांना हे वय १६ पर्यंत खाली आणायची मुभा मिळाली. पण ती वाटही हमखास नाही. ‘माश्या आणि शेतकरी वाचवा’ या मोहिमेने १० लाखांहून जास्त वैध सह्या दिल्या, रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करा अशी मागणी केली. कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणणारा प्रस्तावित कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने फेटाळला आणि पुढच्या फेब्रुवारीत, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असताना, तो मांडणाऱ्या युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, मागे घेतला.

तरी एक गोष्ट पदरात पडली. १८ ऑगस्ट २०२४ पासून युरोपात निसर्ग पुनर्संचयन कायदा लागू झाला. परागवाहकांची घट २०३० पर्यंत थांबवून उलटी फिरवायची, आणि तसं होतंय का ते मोजायचं, हे आता सदस्य देशांवर बंधनकारक आहे. प्रत्येक देशाने आपला आराखडा करायचा, त्यात लोकांचा सहभाग घ्यायचा. आयर्लंडने या कामासाठी नेमलेल्या स्वतंत्र सल्लागार समितीच्या अध्यक्ष पुन्हा डॉ. नी हूलवानच आहेत.

आणि आपल्याकडे

आपल्याकडचं गवत वेगळं आहे. इथे प्रश्न येतो फवारणीच्या वेळेचा. डाळिंबाला, कांद्याच्या बीजोत्पादनाला, सूर्यफुलाला माश्या लागतात. फुलोऱ्यात फवारणी टाळा, करायचीच तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. शेजारच्या शेतकऱ्याने सकाळी नऊला पंप सुरू केला तर तुमच्या संध्याकाळच्या फवारणीला अर्थ राहत नाही, म्हणून हा निर्णय एकट्यादुकट्याचा नाही, गावाचा आहे. युरोपने २०१८ साली उघड्या शेतात बंद केलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आपल्याकडे कापसापासून भाजीपाल्यापर्यंत सर्रास वापरात आहे. ते बंद करायचं की नाही हे दिल्लीत ठरेल. ते कधी मारायचं हे गावात ठरू शकतं.

शहरात हाच प्रश्न सोसायटीच्या सज्जाखाली लटकतो. आग्या मोहोळ लागलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो आणि संध्याकाळी हजारो माश्यांचा खच पडतो. आग्याची भीती खरी आहे, डंख जिवावर बेतू शकतो. पण मोहोळ न मारता हलवणारी प्रशिक्षित माणसं आहेत, आणि पुण्यात तर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. फोन कुणाला करायचा, हा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाचा विषय आहे. तो ठराव वार्षिक सभेत मांडायला सभासद लागतो, मसुदा लिहायला नाही. तो नववीतली मुलगीही लिहू शकते.

गावात जागा जास्त आहेत, असं कागदावर तरी दिसतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आवश्यक केली. ही नोंदवही गावकऱ्यांसोबत शाळा-कॉलेजातल्या मुलांनी भरावी, असा आग्रह माधव गाडगीळ यांनी धरला होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुदत गाठायची म्हणून ती घाईघाईत भरली गेली. सातेरी, आग्या, फुलोरी या माश्या गावात कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसतात, याच्या चार ओळी तिच्यात आहेत का, ते मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला हरकत नाही. नसतील तर दहा मिनिटांची मोजणी इथेही चालते, चौकोन फक्त झेंडू, तूर किंवा करवंदीच्या फुलांवर धरायचा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तिथे तर घरोघरी माश्यांची माहिती असलेली माणसं आहेत.

ग्रामसभेत मत देण्याचा हक्क अठराव्या वर्षीच मिळतो. मात्र पंचायतींनी बालसभा घ्याव्यात अशा केंद्राच्या सूचना आहेत. बालसभा कधी भरवायची, याला इथे महत्त्व आहे. पंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. बालसभा सप्टेंबरात झाली, तर फुलोऱ्यातल्या फवारणीचा मुद्दा लेखी स्वरूपात त्या ग्रामसभेपुढे ठेवता येतो. १४ नोव्हेंबरला, बालदिनाच्या कार्यक्रमात गाण्यांच्या मधोमध उरकली, तर ग्रामसेवक ती इतिवृत्तात नोंदवून फाइल बंद करतो, आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.